झडप

सव्वासहाला पहिली बेल, सीवूड्स, चौदावा मजला.
तळवलकर काकू हात पुढे करतात आणि आधीच माफी मागतात :
"माझी शीर सापडत नाही हो. मागच्या पोरानं तीनदा टोचलं."
उपास म्हणजे उपास,
रात्रीपासून पाण्याचा घोटही नाही.
मी म्हणते, पाणी चालतं. पेलाभर प्या, मूठ मिटा-उघडा,
मला घाई नाही.
घाई आहे. नऊच्या आत अजून सात घरं.
पण डोळ्यांना दिसते ती सोयीची असतेच असं नाही;
बोटाखाली जी दबते आणि हलकेच पुन्हा उठते, ती आपली.
आतून तुपाचा वास. "झालं की शिरा खाऊन जा."
अकरा वर्षं शिरा शोधतेय, काकू,
खायला आज पहिल्यांदाच मिळतोय.

नेरूळला जिमवाला मुलगा, बाहीच नसलेला बनियन,
दंडावर हिरव्या वेलींचा मांडव.
"बघा ना, फिट आहे की नाही?"
अंगात चरबी कमी, कातडी पातळ, वर हा उकाडा,
एवढंच बोलतात रे त्या.
बाकी काय ते नळीत कळेल, संध्याकाळी पाचनंतर.

जुईनगरला पिल्ले अंकल. ताठ बसलेले,
तरी मानेतली शीर कानाच्या पाळीपर्यंत उभी,
आणि दोन शब्दांमध्ये एक श्वास जास्तीचा.
मी काही बोलले नाही.
पावतीच्या मागे सुनेला लिहून दिलं :
आजच दाखवा. आजच.

शेवटचं घर कोपरखैरणे, माथाडी वसाहत.
सर्जेराव शिर्के, साखर, उपाशीपोटी.
हातावर शीर अशी की डोळे मिटून सुई घालावी.
पण लेंगा वर सरकला आणि मी खाली बघितलं :
गुडघ्यामागून निघालेला दोरखंड,
पोटरीवर तीन गाठी,
घोट्याजवळ कातडी जुन्या चहाच्या डागासारखी.
एकोणतीस वर्षं पाठीवर गोणी. आधी कांदा-बटाटा, मग मसाला.
रक्ताचं पाणी केलं म्हणतात.
इथं रक्त रक्तच राहिलं,
फक्त खाली उतरलं आणि वर जायचं विसरलं.

"दुखतं?"
"छ्या. संध्याकाळी जड होतो. माझा वाटत नाही पाय."
आतून अनुसयाबाई : "रात्री पायाखाली उशी लागते त्यांना.
घरात उशी एकच."

हे सांगणं माझं काम नाही, माझं काम सुई आणि नळी.
तरी सांगितलं : खाडीच्या तोंडाशी तो तलाव आहे ना,
त्याला लोखंडी झडपा असतात.
ओहोटीला आतलं पाणी सोडायचं,
भरतीचं आत घ्यायचं नाही.
गंजल्या, की...
"की खाडी सेक्टरात," ते म्हणाले. पायाकडे बघत राहिले.
"म्हणजे माझ्या पायात भरती."
हो. डॉक्टर सोनोग्राफी करतील, घट्ट मोजे देतील, काही जळतं, काही बुजवता येतं.
आणि एकच पाय अचानक सुजला, तापला, ठणकला,
तर सकाळची वाट बघायची नाही.
"कामावर कधी?"
याचं उत्तर माझ्या पेटीत नव्हतं.

बूट घालायला वाकले तर म्हणाले,
"ताई, तुमचंही दिवसभर उभ्यानंच ना?"
मी सलवार खाली ओढली.

साडेअकराला तलावाच्या कठड्याशी स्कूटर लावली.
पालिकेचा माणूस झडपेच्या बिजागरीला ग्रीस लावत होता,
लेकराला तेल चोळावं तसं, निवांत.
आडोशाला जाऊन सलवार दुमडली.
डाव्या गुडघ्यामागे निळी रेघ,
कुणी बॉलपेननं काढून मध्येच सोडलेली.
दिवाळीपासून आहे.
माझं बघायला मला कुणी बोलावलं नव्हतं.

पाणी चढत होतं. झडप लागली की नाही,
बघत उभी राहिले.
मग आठवलं,
आणि बसले.